बंद घरांच्या मागे नाशिक जिल्हाभर

नाशिकहून मी सांगलीला परत आले तेव्हा गल्लीतल्या बायका लगोलग घरी आल्या. त्यांना तीर्थ हवं होतं. त्र्यंबकच्या रस्त्यानं महिनाभर ये-जा केली पण देवळात एकदाही पाऊल टाकलं नाही, असं मी सांगितलं, तशी शेजारच्या काकूंनी बरोबर आणलेली वाटी पदराआड केली. "मग पाहिलंस तरी काय गं तिथं?" कुलपं पाहिली, हे खरं उत्तर होतं. पण ते ऐकून त्या उठून गेल्या असत्या, म्हणून द्राक्षं पाहिली असं म्हटलं. त्यावर त्या खरंच उठून गेल्या. सांगलीच्या माणसानं द्राक्षं बघायला नाशिक गाठायचं म्हणजे घरची चूल सोडून खाणावळीत जेवायला जाण्यातला प्रकार. तेव्हा ज्यांना उठून जायची घाई नाही, त्यांच्यासाठी ही हकिगत लिहिते.

नाशिक

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नाशिकच्या एका संस्थेला पाहणीच्या कामासाठी माणूस हवं होतं, आणि मला वर्गाबाहेरची माणसं बघायची फार हौस होती. बिनपगारी रजा टाकून मी निघाले. संस्थेचे प्रमुख निकम साहेब. सज्जन माणूस. पण त्यांच्या डोक्यात सतत डिझेलचा काटा फिरत असे. कुणी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली तरी ते आधी कार्यालय किती लांब आहे ते बघत.

ऑफिस गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत होतं आणि त्याच्यावर दुसरा मजला चढत होता. दिवसभर डोक्यावर ठोकाठोक. चहाच्या कपात सिमेंटची साय यायची. साहेब बोलता बोलता छताकडे बघून "अरे, हळू!" असं ओरडायचे आणि पुढचं वाक्य बोलायचे. मला पहिले दोन दिवस वाटलं की ती त्यांची लकब आहे.

काम असं होतं. हरसूलच्या पुढच्या डोंगराळ वाड्यांतली माणसं भाताची झोडणी झाली की कामाला बाहेर पडतात आणि शिमग्याला परततात, अशी ओरड होती. आईबापांबरोबर पोरंही जातात आणि शाळा सुटते. बरीच घरं अशी जात असतील तर संस्था वाडीवर हंगामी वसतिगृह काढणार होती. म्हणजे आईबाप परत येईपर्यंत पोरांना दोन वेळचं जेवण, झोपायला जागा, आणि शाळा चालू. घरं जात नसतील, तर तो पैसा शेततळ्यांकडे वळणार होता. जातात की नाही हे ठरवायला माझी पाहणी. वाडीतलं दर पाचवं घर घ्यायचं आणि विचारायचं, घरातलं कोणी हंगामात बाहेर जातं का?

"आणि घर बंद असेल तर?" मी विचारलं.

"शेजारचं घ्या. अरे, हळू! बंद घरासाठी पुन्हा गाडी पाठवणं परवडत नाही."

"साहेब, जे बाहेर जातात त्यांचीच घरं बंद असणार ना? ही तर वर्गात उभं राहून 'जे गैरहजर आहेत त्यांनी हात वर करा' म्हणण्यातली गत झाली."

साहेबांनी शांतपणे चहावरची साय बोटानं काढली. "मॅडम, जो घरी भेटतो तोच खरा गावकरी."

त्या संध्याकाळी रागारागानं मिसळ खाल्ली. नाशिकला मिसळीबरोबर पापड देतात. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीत मिसळीत पापड घातला तर हॉटेलवाल्याला लोक तब्येत विचारतील. पण चव झकास होती, हे कबूल करायला हवं. राग अर्धा तिथेच उतरला.

हरसूलच्या पुढे

जीप चालवायला युसुफभाई होते. जुन्या नाशकातले, पन्नाशीचे, बोलायला गोड. जीपला ते "आपली बेगम" म्हणत आणि तिच्या खोड्या पदरात घेत. हरसूलचा बाजार त्या दिवशी भरला होता. सुकी मासळी, मडकी, बांगड्या, मिरच्यांचे ढीग. गर्दीतून वाट काढताना युसुफभाईंनी हॉर्न दाबला आणि तो अडकला. बसला तो बसलाच.

"टेन्शन नका घेऊ मॅडम, दोन मिनिटांत शांत होईल," ते म्हणाले.

बेगम वाडीपर्यंत एका सुरात बोंबलत गेली. डोंगरात तो आवाज कुठून कुठे जात असेल देव जाणे. आम्ही पोचलो तेव्हा वाडीत चिटपाखरू नव्हतं. चुलींवर भांडी, अंगणात अर्धवट निवडलेली नागली (आमच्याकडची नाचणी), एका बाजेवर अजून गरम असलेली चिलीम. माणसं मात्र गायब. आधी अशी बोंबलत आलेली गाडी नसबंदीच्या शिबिराची होती, असं मागून कळलं. म्हणजे जी घरं उघडी होती तीही आम्ही रिकामी करून दाखवली होती. पाहणीचा असा मुहूर्त सगळ्यांनाच लाभत नाही.

युसुफभाईंनी वायर तोडून बेगमला गप्प केलं. तेवढ्यात शाळेच्या पडवीतून गुरुजी बाहेर आले. एकशिक्षकी शाळेचे ते एक शिक्षक. माझा हात त्यांनी असा काही धरला की जणू मी वसतिगृह पिशवीत घालूनच आणलं आहे. "मॅडम, माझी चौथी दिवाळीला भरलेली असते. आता वर्गात दोघं. वसतिगृह झालं नाही, तर पुढल्या वर्षी तुमच्यासमोर मी एकटाच हजेरी देईन." मग त्यांनी रानाकडे तोंड करून त्यांच्या बोलीत हाका मारल्या आणि माणसं एकेक करून झाडांतून उतरू लागली.

मी ठरल्याप्रमाणे दर पाचव्या घराकडे निघाले. घरं कारवीच्या कुडाची, शेणानं सारवलेली. शेळीनं जोर लावला तर आत शिरेल अशा भिंती आणि दाराला मात्र कुलूप. पहिल्याच घराला कुलूप दिसलं आणि मी मनात साहेबांशी भांडायला सुरुवात केली. पण मी पोचेपर्यंत दार उघडलं होतं आणि उंबऱ्यावर एक आजी बसली होती. काटक, काळीसावळी, काखेत तांबडा कोंबडा.

"घरातलं कोणी हंगामात बाहेर जातं का, आजी?"

"कोण नाय जात. सगळी हितंच हात."

"आत्ता कुठे आहेत?"

"रानात."

मी लिहून घेतलं. पुढचं पाचवं घर. तिथंही लांबून कुलूप वाटलं, जवळ गेले तर दार उघडं आणि उंबऱ्यावर आजी, काखेत कोंबडा. "कोण नाय जात. रानात गेल्यात." तिसरं घर, आजी, कोंबडा, रान. मी मनात म्हटलं, या भागात म्हाताऱ्यांची ठेवण एकसारखी दिसते. आणि पाहुणा आला की काखेत कोंबडा घेऊन बसायची इथली रीत असावी. आमच्याकडे नाही का, पाहुणा आला की गुळपाणी आणतात! ही रीत मी माझ्या टिपणात कौतुकानं लिहिलीसुद्धा.

चौथ्या घरी आजीला धाप लागली होती. कोंबडा तिनं खाली सोडला आणि तो लंगडत चालू लागला, उजवा पाय ओढत. त्याआधीच्या घरी खाली सोडलेलाही उजवा पायच ओढत होता. आता म्हाताऱ्या एकसारख्या असू शकतात, पण एका वाडीतले सगळे कोंबडे एकाच पायानं लंगडे असणं हे माझ्या विषयाच्या नियमात बसेना.

"आजी," मी म्हटलं, "मघापासून तुम्हीच का?"

आजीनं जराही न लाजता मान हलवली. तिचं नाव बुधी. मी रस्त्यानं जायची आणि ती घरांच्या मागून आडवाटेनं धावत पुढच्या घरी पोचायची. "माझ्याकडं सोपवून गेल्यात घरं. दारात माणूस आलं तर घरानं बोलाया नको? मुकं घर कसं ठेवायचं?"

"पण ती बाहेर गेलीत ना! मग कोणी जात नाही असं का सांगता?"

तिनं आवाज खाली आणला. मागं एक साहेब असाच विचारायला आला होता. बंद घरं त्यानं रिकामी म्हणून लिहिली आणि रेशनची नावं गेली. तेव्हापासून जाताना प्रत्येक जण सांगून जातो, घर चालू आहे म्हणून सांग. "म्हणून मी चालू ठेवत्ये. दिवा लावत्ये, चूल पेटवत्ये. ह्यो कोंबडा सोमाच्या घरचा. त्याची बायको यमुना, तिचा लय जीव ह्याच्यावर."

दुपारी आजीनं जेवायला बसवलं. नागलीची भाकरी, उडदाचं भुजं म्हणजे घट्ट कालवण, आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला नागली चावताना आधी संशय आला, मग मी तिसरी भाकरी मागितली. आमच्या भोवती पोरंच पोरं. कुणी आजीच्या पाठीला लटकलेलं, कुणी तिच्या ताटात हात घातलेला.

"ही कोणाची?"

"ज्याची त्याची. मावली तेवढी ठेवून घेतली. बाकीची गेली आयबापासंगं." तिनं डोळे पुसले. रडत नव्हती, डोळ्यांना पाणी यायचं तिच्या. "औंदा शेवटचं बघ बाय. दिसत नाय मला. काल मीठ समजून राख घातली कालवणात. पुढल्या सालाला ही बी जातील. मग गुरुजी कोणाला शिकवल, मला?"

बघा म्हणजे. वसतिगृह सगळ्यांत जास्त कोणाला हवं, तर या बाईला. आणि वसतिगृहाची गरज नाही असं दारोदार धावत जाऊन, धाप लागेपर्यंत, तीच सांगत होती. मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. मी भाकरीचा तुकडा मोडून चटणीत बुडवत बसले.

नाशिकला, साहेबांपुढे

साहेब मात्र खूश झाले. एकही घर सुटलं नव्हतं आणि एकाच फेरीत काम आटोपलं होतं. "उत्तम! प्रतिसाद पूर्ण. आणि कोणीही बाहेर जात नाही. मी म्हटलं नव्हतं?"

मी आजीची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "पण उत्तर मिळालं ना? अरे, हळू!"

मग मी वर्गात शिकवते ते त्यांना डिझेलच्या भाषेत सांगितलं. सगळ्या बंद घरांच्या मागे धावू नका, टाकी पुरणार नाही. पण सगळ्यांना सोडूही नका. बंद घरांच्या चिठ्ठ्या टाकू, त्यांतली थोडी उचलू, आणि उचलली ती मात्र पाताळात गेली तरी शोधून काढू. थोडी घरं खरी सापडली तर बाकीच्या बंद घरांबद्दल काहीतरी खरं सांगता येईल. शेजारची पन्नास विचारून काहीच कळत नाही, आणि डिझेल जातं ते जातंच.

डिझेल जातं, हे त्यांना पटलं. "तीन चिठ्ठ्या. टाकी एकदाच भरून देईन." चिठ्ठ्या त्यांच्याच टोपीत टाकल्या. निघाली ती काळू, लहानू आणि सोमा यांची घरं.

दिंडोरी

काळू दिंडोरीकडे एका बागेत आहे एवढं आजीला ठाऊक होतं. त्या बाजूला बागेशिवाय काहीच नसतं. विचारत विचारत दुपारी योग्य बांधावर पोचलो. बागायतदारांनी आधी लवकर छाटलेल्या बागेतली पिकलेली द्राक्षं पुढे केली. "खाऊन बघा. अशी द्राक्षं तुमच्याकडे होत नाहीत."

मी सांगलीची. मी म्हटलं, "आमच्याकडे अशी झाली तर आम्ही त्यांचे बेदाणे करतो."

युसुफभाईंनी माझा शब्द जमिनीवर पडायच्या आत "मॅडमचं पोट बरं नाही" असं सांगून टाकलं, म्हणून पुढे मांडवात जायला मिळालं. मांडव बुटका होता आणि घड दाट लागलेले. घडातले जादा मणी काढायचं, विरळणीचं काम चाललं होतं, त्यामुळे माणसांची डोकी पानांत आणि दिसायचे ते फक्त पाय. मी वाकून पायांना विचारत निघाले. "काळू आहे का?" पाय हलले की पुढचे पाय. शेवटी एका जोडीनं सांगितलं, "मीच काळू."

मुलाखत पायांशीच झाली. तोंड बाहेर काढलं तर हातातला घड सुटतो, असं ते पाय म्हणाले.

"घरातलं कोणी हंगामात बाहेर जातं का?"

"नाय, कोण नाय जात."

"आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"हितं."

"हे गाव तुमचं?"

"नाय."

"मग बाहेर आलात ना!"

पायांनी अंगठ्यानं माती उकरली. मग अदबीनं म्हणाले, "नाय मॅडम. आमचं घर चालू हाय."

बाजूला एक लहान जोडी उभी होती, कडेच्या वेलीखाली. त्या पायांवर शाळेच्या गणवेशाची चड्डी. चौथीत हवं होतं ते पोर इथं पडलेले मणी वेचत होतं. मी जमिनीवर उकिडवी बसून दात ओठ खात होते. इतक्या लांब येऊन, माणूस प्रत्यक्ष सापडून, तो मला तोंडावर सांगत होता की तो घरीच आहे. म्हणजे बंद घराला गाठलं की काम संपतं असं मी वर्गात शिकवत आले, तेही अर्धवटच होतं.

चांदवड, घोटी

लहानूचं घर चांदवडला कांद्यावर गेल्याचं कळलं होतं. महामार्गावरून चांदवडला जाताना युसुफभाई खुशीत होते, रस्ता चांगला म्हणून बेगम न कुरकुरता पळत होती. कांद्याच्या शेतावर पोचलो तर मालक म्हणाला, "लहान्या? तो कालच गेला. भाताच्या गिरणीवर, घोटीला."

घोटी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. काट्याकडे बघत आम्ही घोटीला गेलो. गिरणीत तांदळाच्या कोंड्यानं मी आणि युसुफभाई नखशिखांत पांढरे झालो. लग्नाच्या मांडवात अक्षता पडाव्यात तसे उभे होतो. मुकादमानं आम्हाला नीट न्याहाळून सांगितलं, "लहानू गेला की सकाळी. गावाला. त्याच्या मेव्हणीचं लग्न हाय."

"कोणत्या गावाला?"

"त्याच्या घरी. हरसूलकडं."

म्हणजे आम्ही जिल्हाभर शोधत असलेला माणूस त्या घडीला आपल्या घरी, आपल्या उंबऱ्यावर, नवे कपडे घालून बसला होता. तिथं त्याला भेटायला कोणी नव्हतं, कारण आम्ही घोटीत होतो. युसुफभाई हसायला लागले आणि त्यांना पाहून मीही. हसताना आमच्या अंगावरून कोंडा झडत होता. परतीच्या वाटेवर टाकी संपली आणि शेवटचा टप्पा आम्ही एका भाजीच्या ट्रकमागे दोर बांधून पार केला.

नाशिक, वरचा मजला

साहेबांनी जीपची किल्ली काढून घेतली. सोमाचं घर राहिलं होतं. "नाशकात, बांधकामावर" एवढाच पत्ता होता, आणि नाशकात तेव्हा प्रत्येक गल्लीत बांधकाम होतं. मी मजूर अड्ड्यांवर पायी फिरले, जिथं गवंडी आणि बिगारी सकाळी उभे राहतात. सोमा नावाची बरीच माणसं भेटली, हरसूलकडचा एकही नाही.

साहेब अहवाल सांगायला बसले. मी समोर बसून लिहून घेत होते, कारण दुसरं कोणी नव्हतं. "या भागातून हंगामी स्थलांतर," ते म्हणाले, आणि वर ठोकाठोक सुरू झाली. "हंगामी स्थलांतर... अरे, हळू! मला 'होत नाही' एवढं तरी म्हणू द्या!" तेवढ्यात छतातून पाणी टपकलं आणि 'स्थलांतर' या शब्दावरच पडलं. वर स्लॅबला पाणी मारणं चाललं होतं.

माझा आधीच पारा चढलेला. मी जिना चढून वर गेले ते सगळ्यांना फैलावर घ्यायलाच. वर एक बाई हातात रबरी नळी घेऊन उभी होती. खांबाला झोळी बांधलेली. नऊ-दहा वर्षांची एक पोर झोळीला झोका देत होती.

"खाली कागद भिजतायत, लक्ष कुठे आहे तुमचं?"

"चुकलं बाय," ती घाबरून म्हणाली. बोलण्याचा सूर ओळखीचा वाटला.

"कुठल्या तुम्ही?"

"हरसूलच्या पल्याडच्या."

मी वाडीचं नाव घेतलं. तिच्या हातातली नळी तशीच राहिली आणि पाणी माझ्या चपलांवर पडू लागलं. "तुमी गेलावता आमच्या वाडीला?" ती पुढे आली. "आमचा कोंबडा बघितला का? तांबडा? लंगडा हाय. बरा हाय ना तो?"

मी खालीच बसले, ओल्या स्लॅबवर. बेगमला घेऊन ज्याच्यासाठी जिल्हा पालथा घालायची तयारी होती, ते घर इतके दिवस माझ्या डोक्यावर राहत होतं. साहेब रोज ज्याला "अरे, हळू!" म्हणत होते तो सोमा. पलीकडे कोपऱ्यात घमेलं धरून उभा होता.

मी तिघांनाही, झोळीतल्या तान्ह्यासकट, खाली आणलं. साहेब ओला कागद वाळवत होते.

"साहेब, तिसरं घर."

साहेबांनी चष्मा वर केला. सोमाच्या केसांत सिमेंट होतं. यमुनाच्या साडीचा पदर भिजलेला. साहेबांनी रीतीप्रमाणे स्वतःच प्रश्न विचारला. "घरातलं कोणी हंगामात बाहेर जातं का?"

"नाय साहेब," सोमा म्हणाला. "आमी गावातच असतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बघा, हे तर स्वतः सांगतायत, असा चेहरा. मला एकदम तो मांडव आठवला, ते पाय, ती अदब. आणि बुधी आजी आठवली, धाप लागलेली. या माणसांना जे सांगायची भीती होती तेच मी जिल्हाभर विचारत फिरत होते. पण आजीनं पहिल्याच दिवशी एक गोष्ट मोठ्या मानानं सांगितली होती, आणि ती मी रीतभात म्हणून सोडून दिली होती.

"यमुनाबाई," मी म्हटलं, "घर कोणाकडे सोपवलंय?"

"बुधी आजीकडं," ती तत्काळ म्हणाली. "लय जीव लावती. आमचं, काळूचं, लहानूचं, समद्यांचं तीच बघती. आमचा कोंबडा बी."

साहेबांनी छताकडे पाहिलं. वर ठोकणारं कोणी राहिलं नव्हतं, कारण ठोकणारा खाली उभा होता. साहेबांना ती शांतता सहन होईना असं दिसलं. त्यांनी तान्ह्याला कडेवर घेतलेल्या पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "कितवीत?"

"चौथीत होती," यमुना म्हणाली.

साहेब बराच वेळ टेबलावर बोट फिरवत बसले. मग सवयीनं म्हणाले, "या घराला डिझेल किती लागलं?"

"जिना चढले, साहेब."

त्यांनी ओला कागद चुरगाळला. "तोच प्रश्न सगळ्या घरांना विचारून या. घर कोणाकडे सोपवलंय. पण मॅडम, एसटीनं जा."

पुन्हा वाडीवर

एसटीनं गेले, हरसूलपासून चालत. बुधी आजीला प्रत्येक दारात नवा प्रश्न विचारला. ती अशी फुलली की विचारू नका. "हे माझ्याकडं. हे बी माझ्याकडं. ते पल्याडचं, ते बी." पदराची गाठ सोडून तिनं किल्ल्या माझ्या ओंजळीत ओतल्या. "दुसऱ्या कोणावर भरवसा नाय कोणाचा," असं चारचारदा सांगितलं. आता तिला आडवाटेनं धावावं लागलं नाही. आम्ही दोघी रस्त्यानंच गेलो, कोंबडा मध्ये लंगडत. हे घर रिकामं म्हणून कुठेही लिहिलं जाणार नाही, असं मी तिला शब्द देऊन सांगितलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

पुढच्या वर्षी भाताची झोडणी झाली आणि शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वसतिगृह सुरू झालं. मी पुन्हा रजा टाकून गेले. युसुफभाई बेगम घेऊन आले होते, हॉर्न काढून टाकलेली. साहेब नवी टोपी घालून आले होते. स्वयंपाकाला दोन बायका ठेवल्या होत्या आणि बुधी आजी त्यांच्या मागे उभी राहून मिठाचा डबा कुठला आणि राखेचा कुठला ते हातानं चाचपून बघत होती. पोरं ओळीनं बसली होती. सोमाची पोर पुढच्या रांगेत होती, तिनं मला पाहून पाटी वर करून दाखवली. मला भरून आलं, उगाच कशाला लपवा.

साहेबांना पालकांची संमती हवी होती. गुरुजी नावं पुकारू लागले. पालक अर्थातच नव्हते, बागांचा हंगाम होता.

"काळू?"

मग शेडच्या टोकाकडून आवाज आला, मागल्या वर्षीच्या खालच्या आवाजापेक्षा मोठा. बुधी आजी उभी होती, काखेत कोंबडा.

"हाय. द्राक्षाला गेलाय."

"लहानू?"

"हाय. कांद्याला गेलाय."

साहेब माझ्याकडे झुकून कुजबुजले, "मॅडम, हे हजर लिहायचं की गैरहजर?"

"ती म्हणते तसं लिहा," मी म्हटलं.

"सोमा?" गुरुजींनी पुकारलं.

"हाय," आजी म्हणाली, डोळ्यांतलं पाणी पुसत, सगळ्यांसमोर, कोणाला न भिता. "नाशकाला गेलाय."